हिशेब वाडीवर वाचा

पेण-रोह्याकडच्या कातकरी वाड्यांवर ज्या काम करतात त्यांना वीटभट्टीवरचा हिशेब कसा होतो हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. गणपतीच्या सुमारास वाडीवर कुणाच्याच घरात दाणा नसतो. नेमका तेव्हा भट्टीवाल्याचा माणूस येतो आणि बयाना देऊन जातो. दिवाळी झाली की टेम्पो येतो आणि अर्धी वाडी पोराबाळांसकट रिकामी होते. भट्टीवर नवरा-बायको मिळून एक 'जोडी' धरतात. हजार विटांमागे जोडीला अमुक रुपये. दर आठवड्याला बाजारापुरती खर्ची मिळते. बयाना, खर्ची, औषधाचे, लग्नाचे, मयताचे पैसे, सारे मालकाच्या वहीत चढते. पावसाच्या तोंडावर भट्टी बंद होते त्या दिवशी वही उघडते. मालक वाचतो, नवरा ऐकतो, बाई बिऱ्हाड बांधत असते. पाच-सहा महिने तिने चिखल तुडवलेला असतो, विटा वाहिलेल्या असतात, पण तिच्या नावाचे पान त्या वहीत नसते. कितीदा तरी उलट मालकाचेच देणे निघते आणि ते पुढच्या वर्षीच्या बयान्यात धरले जाते.

संस्था-संघटनांतल्या आपण बायांनी वाडीवर जाऊन वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगितली. वही बघायला माग. 1976 चा वेठबिगार मुक्तीचा कायदा आहे. उचल दिली म्हणून माणूस बांधून ठेवता येत नाही. तुझ्या कष्टाचा हिशेब मागणे हा तुझा हक्क आहे.

हे सांगितले ते बरोबरच सांगितले. पण जो प्रश्न आपण तिला मालकाला विचारायला शिकवला, तो आपल्याला विचारायला तिला कधी शिकवला का? संस्थेची वही कुठे आहे? तिच्या नावावर आलेले पैसे किती होते, कुठून आले, कशाला गेले, हे तिला कुणी वाचून दाखवले?

माझे उत्तर असे आहे की दाखवले नाही. आणि जोवर दाखवत नाही, तोवर आपण मालकाला हिशेब मागतो त्यात निम्मेच बळ आहे.

भांडण कुणाशी नाही

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते. या दोन तालुक्यांत जे काम उभे राहिले ते मी जवळून पाहिले आहे. पेणच्या अंकुर ट्रस्टच्या वैशाली पाटील, सुरेखा दळवी, सर्वहारा जन आंदोलनाच्या उल्का महाजन, या बायांनी वेठबिगारीचा, दळी जमिनीचा, वनहक्काचा प्रश्न रायगडात लोकांपुढे आणला. दळी म्हणजे इंग्रजांच्या काळात जंगल खात्याने आदिवासींना कसायला दिलेले जंगलातले तुकडे. पिढ्यान् पिढ्या कसूनही ते नावावर झाले नव्हते. महामुंबई सेझच्या वेळी पेण, पनवेल, उरणची जमीन जाणार होती तेव्हा याच भागात बाया रस्त्यावर उतरल्या. यांखेरीज नाव न होणारी कितीतरी कामे चालतात. कुणी वसतिगृह चालवते, कुणी म्हाताऱ्यांना सांभाळते, कुणी मतिमंद मुलांची शाळा चालवते, कुणी जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवते. पेणला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, तिथे फॉर्म घेऊन गेलेल्या बाईला 'उद्या ये' सांगितले तर तिच्यासोबत दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणारी एखादी कार्यकर्तीच असते.

म्हणून हे लिहिणे कुणा एका संस्थेविरुद्ध नाही. ही सवयीची गोष्ट आहे, आणि ती सवय चांगल्या माणसांच्या संस्थांतही आहे. चांगल्या माणसांना वाटते की आपण पैसा खात नाही, मग हिशेब दाखवायची गरज काय?

पूर्वी आपल्या बैठकांत 'संस्था की संघटना' हा वाद रात्र-रात्र चालायचा. परदेशी पैसा घ्यावा की नाही, पगारी कार्यकर्ती ही कार्यकर्ती की नोकर, यावर मैत्रिणी-मैत्रिणींत अबोला धरला गेला. तो वाद पैसा कुठून येतो यावर अडकला. हिशेब कुणापुढे होतो, हे आपण विचारलेच नाही. संस्थेवाल्यांनी तो दात्यापुढे ठेवला, संघटनेवाल्यांपैकी काहींनी कुणापुढेच ठेवला नाही.

वही कुणाकुणाला दिसते

संस्थेचा हिशेब गुप्त असतो असे मुळीच नाही. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे तो धर्मादाय आयुक्तांकडे जातो. आयकर खात्याकडे जातो. परदेशी देणगी असेल तर दिल्लीला गृहखात्याकडे जातो. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या 135 व्या कलमाने ठराविक आकाराच्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करणे 2014 पासून बंधनकारक झाले. तो पैसा घेतला तर कंपनीकडे दर तीन महिन्यांनी अहवाल जातो, इंग्रजीत, फोटोसह.

एवढ्या सगळ्यांना ती वही दिसते. जिचा फोटो त्या अहवालात आहे तिला दिसत नाही.

तिला त्या अहवालात एक नाव मिळाले आहे, 'लाभार्थी'. या शब्दाचा मला राग आहे. भट्टीवर निदान 'जोडी' म्हणतात, म्हणजे अर्धी का होईना ती मोजली जाते ती काम करणारी म्हणून. इथे ती मोजली जाते ती घेणारी म्हणून. मी अशी एक वाडी पाहिली जिथली एकच बाई एका वर्षात तीन संस्थांच्या अहवालांत होती. एकीने तिला आरोग्य शिबिरात मोजले, दुसरीने बचत गटात, तिसरीने 'कौशल्य विकासा'त. तिघींच्या आकड्यांची बेरीज केली तर त्या वाडीत जेवढ्या बाया आहेत त्याहून जास्त बायांचा विकास झालेला दिसेल. बाई मात्र दिवाळीनंतर पुन्हा भट्टीवर होती.

पेण तालुक्यातल्याच एका वाडीवर झालेली बैठक सांगते. संस्थेचे पदाधिकारी शहरातून आले होते. योजनेची माहिती झाली, टाळ्या झाल्या. मागे बसलेल्या एका कातकरी बाईने मला विचारले, "ताई, आमच्या नावानं किती आलं?" मी म्हटले, विचार की त्यांना. तिने उभी राहून विचारले. दोन क्षण कुणी बोलले नाही. मग उत्तर आले, "मावशी, ते सगळं इंग्रजीत असतं, तुम्हाला नाही समजणार. तुमच्यासाठीच आहे ना सगळं?" ती बसली. नंतर मला म्हणाली, "शेटपण असाच म्हणतो."

ही तुलना ऐकून संस्थेतल्या लोकांना वाईट वाटेल हे मला कळते. शेट पैसा स्वतःच्या खिशात घालतो, संस्था तसे करत नाही. फरक मोठा आहे. पण बाईच्या जागेवरून पाहिले तर वही दोन्हीकडे तिच्या हाताबाहेरच आहे.

शिलाई मशीनचे काय होते

हिशेब म्हणजे नुसते चोरी पकडण्याचे साधन असे कुणी समजू नये. हिशेब वाचला की निर्णयावर बोलता येते. ते कसे, हे शिलाई मशीनच्या उदाहरणाने सांगते.

रायगडात वाडी-वाडीवर शिलाई मशीन वाटली गेली आहेत. दात्याला मशीन आवडते. ती दिसते, मोजता येते, तिच्यावर नाव रंगवता येते, तिच्याशेजारी बाई उभी करून फोटो काढता येतो. त्यात आणखी एक सोय आहे. मशीन दिल्याने कुणाचेच काही बिघडत नाही. भट्टीवाल्याचे बिघडत नाही, जंगल खात्याचे नाही, घरात नवऱ्याचेही नाही. बाईने घरीच बसून, घरचे सारे उरकून, चार पैसे मिळवावेत, ही तर पुरुषप्रधान घराची जुनीच इच्छा. दोन वर्षांनी त्याच वाडीवर जाऊन पाहा. मशीन गोणपाटात गुंडाळलेले असते. शिवायचे कुणाचे? वाडीत नवे कापड घेते कोण? आणि ज्या काळात लग्नसराईची शिवणकामे निघतात त्या काळात मशीनवाली बाई भट्टीवर असते.

त्या पैशांचा आकडा आधी वाडीत मांडला असता तर बायांनी काय मागितले असते? मला ठाऊक आहे, कारण मी विचारले आहे. भट्टीवर असताना रेशन तिथे मिळेल अशी सोय. भट्टीवरच्या पोरांसाठी शाळा, किंवा पोरे वाडीवर मागे ठेवता येतील असे हंगामी वसतिगृह. गणपतीच्या महिन्यात धान्याची उसनवार पेढी, म्हणजे बयाना घ्यावाच लागणार नाही. घराखालची जागा नावावर करून देणारी कचेरीतली मदत, कारण कितीतरी वाड्या अजून दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. यातले काहीही फोटोत नीट येत नाही, आणि यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीने कुणाचे तरी बिघडते.

कातकरी 1975 पासून सरकारच्या कागदावर 'आदिम जमात' आहेत. पुढे ते नाव बदलून 'असुरक्षित आदिवासी गट' झाले. नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांच्यासाठी पीएम-जनमन नावाची नवी योजना आली. नाव बदलले, योजना बदलली, पण वाडीवर बसून 'एवढे आले, याचे काय करू या' असे कुणी विचारत नाही. सरकार विचारत नाही म्हणून आपण ओरडतो. मग आपण तरी विचारू या.

रोह्याची नदी

आता रोह्याकडे वळते, कारण तिथे या सवयीची किंमत जास्त उघडी दिसते.

रोह्याला लागून धाटावची औद्योगिक वसाहत आहे, रासायनिक कारखान्यांची. शेजारून कुंडलिका वाहते आणि पुढे खाडीला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली तिच्यात 351 पट्टे होते, त्यांतले 53 आपल्या महाराष्ट्रातले, आणि त्यांत कुंडलिका होती. नदीचे पाणी खराब झाले की पहिला फटका बाईला. पाणी भरते ती, खाडीत मासे-खेकडे-शिंपल्या धरून बाजारात बसते ती, अंगाला खाज सुटली तर पोराला घेऊन दवाखान्यात जाते ती.

कारखान्यांकडे 2 टक्क्यांचा पैसा आहे. तो जवळपासच्या गावांत खर्च करायला कायदाच सांगतो. तो पैसा गावात पोचवायला संस्था लागते. संस्थेला कार्यकर्तीचा पगार द्यायला पैसा लागतो. वर्तुळ पूर्ण होते. आता त्या कार्यकर्तीने महिला मंडळाच्या बैठकीत नदीचा विषय काढावा का?

करारात कुठे लिहिलेले नसते की नदीबद्दल बोलू नका. लिहायची गरज नसते. 'सध्या तो विषय नको, पुढच्या वर्षीचा प्रस्ताव गेलाय' एवढे पुरते. बैठकीत मग सॅनिटरी पॅडवर बोलतात, रक्तातल्या लोहावर बोलतात, गांडूळखतावर बोलतात. हे सारे विषय चांगलेच आहेत. पण बायांना रक्तातले लोह कमी का, हे विचारताना मासळी कमी का झाली, हे विचारायचे नाही, हे कसले आरोग्य शिक्षण?

कंपनीचा पैसा घेऊच नये असे मी म्हणत नाही. तो पैसा तिथल्याच माणसांच्या कष्टातून, तिथल्याच पाण्यातून आला आहे, तो तिथेच परत यावा. पण कुणाचा पैसा, किती, कोणत्या अटीवर, हे खाडीकाठच्या बायांपुढे मोठ्याने वाचले गेले तर त्या स्वतःच ठरवतील. 'घ्या, आणि नदीचेही बोला' असे त्या म्हणतील, किंवा 'नको' म्हणतील. आज त्यांच्या वतीने गप्प बसायचे आपण ठरवतो. त्यांनी ते आपल्याला सांगितलेले नाही.

मानधन

वही बंद ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. ते आपल्या घरातलेच आहे, म्हणून बोलणे अवघड.

वही उघडली तर वाडीवरच्या कार्यकर्तीला किती मिळते ते दिसेल. बारा-पंधरा वर्षांपूर्वी मी एका संस्थेत होते. आम्ही गावोगाव किमान वेतनाच्या सभा घ्यायचो. दिवसाचा दर काय, तो फळ्यावर मीच लिहायची. महिन्याअखेर माझ्या हातात जे पडायचे त्याला दिवसांनी भागले तर फळ्यावरच्या आकड्याच्या निम्मेही व्हायचे नाही. विचारले तर उत्तर, 'ते वेतन नाही, मानधन आहे.' रजा मागितली तर, 'चळवळीत रजा असते का?' आजही या भागातल्या तरुण मुली, कातकरी आणि ठाकूर समाजातून शिकून पुढे आलेल्या पहिल्या मुली, हेच ऐकतात.

मानधन म्हणजे मान आणि धन. प्रत्यक्षात दोन्ही कमीच. हा शब्द बायकांच्या कामासाठीच का वापरला जातो, हे आपण ओळखले पाहिजे. 1975 साली बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडीताई मानधनावर आहे. ती कर्मचारी नाही असे सरकार म्हणत राहिले. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद केला. राजस्थानची भंवरीदेवी आठवा. तीही सरकारी कार्यक्रमातली मानधनावरची 'साथिन' होती. बालविवाह थांबवायचे काम करताना 1992 मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तिच्या लढ्यातून 1997 चा विशाखा निकाल आला, त्यातून 2013 चा कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. म्हणजे ज्या कायद्याची शिबिरे आपण घेतो तो मुळात मानधनावरच्या एका बाईने कमावून दिलेला आहे. त्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी माणसांच्या कचेरीतली बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. पेण-रोह्याच्या किती लहान संस्थांच्या भिंतीवर त्या समितीचा पत्ता लावलेला आहे?

1982 च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे ही घटनेने मना केलेली सक्तीची मजुरीच आहे. हे वाक्य आपण भट्टीवाल्याला ऐकवतो. ते आपल्या कचेरीतही ऐकू गेले पाहिजे.

आक्षेप येतात ते

पहिला आक्षेप, बायांना समजणार नाही. भट्टीवरच्या बाईला कोणत्या आठवड्यात किती हजार विटा पडल्या हे पाठ असते. ती लिहीत नाही म्हणून सगळे डोक्यात ठेवते. तिला बेरीज येते. तिला आपले इंग्रजी येत नाही. त्यावर उपाय मराठीत लिहिणे हा आहे.

दुसरा, वाडीत भांडणे लागतील, नवरे पैसे मागतील. लागतील. आजही लागतात, फक्त अंदाजावर लागतात. 'संस्थेवाल्या गाडीतून फिरतात' ही कुजबुज वाडीवर आहेच. आकडा सांगितला तर कुजबुज तरी थांबेल.

तिसरा, पैसा दात्याने दिला, तो वाडीचा कसा? याला उत्तर पेण तालुक्यातच आहे. गागोद्यात 1895 साली जन्मलेल्या विनोबांनी भूदान मागताना दानाचा अर्थ 'सम्यक वाटणी' असा लावला होता. वाटणी म्हटली की घेणाऱ्याला हिशेब विचारता येतो. विनोबा ज्यांना पटत नाहीत त्यांच्यासाठी दुसरे उत्तर आहे. तिच्या नावाशिवाय, तिच्या फोटोशिवाय तो पैसा आला असता का? आणि देणगीवर आयकरात सूट मिळते, म्हणजे त्यात सरकारी तिजोरीचाही वाटा असतो. सप्टेंबर 2019 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की सरकारकडून भरीव पैसा घेणाऱ्या बिगर-सरकारी संस्थांनाही माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू होतो.

चौथा आक्षेप सर्वात गंभीर आहे, आणि तो आपल्याच मैत्रिणी घेतात. सरकार आधीच संस्थांच्या मागे लागले आहे. 2020 मध्ये परदेशी देणगीचा कायदा कडक केला. एका संस्थेने दुसऱ्या लहान संस्थेला तो पैसा द्यायला बंदी आली, कचेरीखर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आणली. तालुक्याच्या गावातल्या लहान संस्थांचा श्वासच कोंडला. अशा वेळी घरातूनच दगड का मारता?

मैत्रिणींनो, मी हे त्याच कारणासाठी लिहिते आहे. सरकारची नोटीस येते तेव्हा संस्थेच्या बाजूने कोण उभे राहते? दाता राहत नाही, तो दुसरी संस्था शोधतो. वाडी राहिली तर राहते. आणि ज्या वाडीला संस्थेचा आकडाच माहीत नाही ती कशाच्या जोरावर म्हणेल की इथे काही खोटे झालेले नाही? राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनावण्या घेतल्या. गावाच्या कामाची बिले गावापुढे मोठ्याने वाचली. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा तिथली. त्यांना सरकारपुढे ताठ उभे राहता आले याचे एक कारण असे की त्यांचे पूर्णवेळ कार्यकर्ते किमान वेतनाइतकेच घेतात आणि ते सर्वांना ठाऊक आहे. त्या लढ्यातून माहितीचा अधिकार आला. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेने करायचे सामाजिक अंकेक्षण आले. सरकारने ग्रामसभेत हिशेब वाचावा ही मागणी आपली. आपण का वाचू नये?

आणि वही न बघण्याची किंमत काय असते हे पेणकरांना कुणी शिकवायला नको. 2010 मध्ये पेण अर्बन सहकारी बँक बुडाली. शेकडो कोटींचा घोटाळा निघाला. भांडी घासून, पापड लाटून साठवलेला पैसा अडकलेल्या बायाही त्या रांगेत होत्या. बँकेवर विश्वास होता, माणसे ओळखीची होती, म्हणून कुणी काही विचारले नव्हते. नंतर ठेवीदार मोर्चे काढून हिशेब मागू लागले तेव्हा त्यांना कुणी कृतघ्न म्हटले नाही. कातकरी बाईने विचारले की मात्र आपल्याला उपकार आठवतात.

आणखी एक आठवण. 21 सप्टेंबर 2008 ला सेझबद्दल पेणच्या 22 गावांत सरकारने लोकांचा कौल घेतला. जमिनीच्या प्रश्नावर लोकांना विचारावे लागले, हा मोठा विजय होता. पण मत होते खातेदाराचे. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नाही, ज्या कातकऱ्याला सातबाराच नाही, त्यांना विचारले गेले नाही, मोर्च्यात मात्र त्या पुढे होत्या. कागदावर नाव नसले की लढणारीलाही मत नसते. म्हणूनच 2006 च्या वनहक्क कायद्यात दावा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो याला आपण एवढे महत्त्व देतो. तेच तत्त्व संस्थेच्या कागदाला लावा.

मग काय करायचे

माझ्या मागण्या पाच आहेत. एकाही मागणीला परदेशी पैसा लागत नाही.

एक. दसरा ते दिवाळी, म्हणजे वाडी भट्टीवर जाण्यापूर्वी, प्रत्येक संस्थेने ज्या वाडीच्या नावावर पैसा आणला त्या वाडीवर वर्षाचा हिशेब मराठीत मोठ्याने वाचावा. किती आले, कुणाकडून, कशाला गेले, पगार किती, गाडीचे डिझेल किती. मग तो समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवावा.

दोन. विश्वस्त मंडळावर वाडीतल्या निदान दोन बाया असाव्यात, मतासह. 'विशेष निमंत्रित' म्हणून सतरंजीवर बसायला नव्हे. बैठक त्यांच्या हंगामात, त्यांच्या भाषेत घ्यावी. त्यांचा बुडालेला रोज संस्थेने भरावा.

तीन. 'मानधन' हा शब्द संस्थेच्या कागदावरून काढून टाकावा. कार्यकर्तीला किमान वेतनाच्या खाली एक पैसाही कमी नको, बाळंतपणाची रजा हवी, नेमणुकीचे पत्र हवे. दाता पगाराला पैसे देत नसेल तर प्रस्ताव पाठवतानाच त्याच्याशी भांडावे. दहा गावांचे काम घेऊन चार मुलींना राबवण्यापेक्षा चार गावांचे काम घ्यावे.

चार. छळाची तक्रार कुठे करायची तो पत्ता भिंतीवर लावावा, आणि तक्रार करणारीचे काम जाणार नाही असा लेखी ठराव करावा.

पाच. देणगीची अट, लिहिलेली किंवा न लिहिलेली, वाडीला सांगावी. ज्या पैशामुळे नदीचे, भट्टीचे, जमिनीचे बोलता येणार नाही तो घ्यायचा की नाही, हे वाडीने ठरवावे.

आणि हे फक्त मोठ्या संस्थांनी करायचे असे नाही. आपले महिला गट, ज्यांच्याकडे वर्गणीचे आणि शिबिराचे चार पैसे असतात, त्यांनी आधी करावे. आमच्या गटाने या दसऱ्यानंतर पेण तालुक्यातल्या तीन वाड्यांवर आपला हिशेब वाचायचे ठरवले आहे. आकडा लहान आहे. बाया काय विचारतील याची आम्हाला थोडी धास्तीही आहे. विचारू देत.

तुमच्या गटात याला विरोध असेल तर तोही लिहून पाठवा, पुढच्या अंकात वाद घालू या. पण लिहिताना सुरुवातीला एवढे जरूर लिहा, की गेल्या वर्षी तुमच्या संस्थेचा हिशेब कुणाकुणासमोर वाचला गेला, आणि त्यांत ज्यांच्यासाठी तो पैसा आला त्या बाया किती होत्या.